रत्नागिरीत काम कोण करते? श्रमशक्ती सहभागाच्या मोजमापाचा आढावा

श्रमशक्ती सहभाग दर म्हणजे १५ वर्षे आणि त्याहून अधिक वयाच्या दर शंभर व्यक्तींमागे श्रमशक्तीत असलेल्यांची संख्या. श्रमशक्तीत दोन गट येतात. एक काम करणाऱ्यांचा. दुसरा हाताला काम नसलेल्या, पण काम शोधणाऱ्या किंवा मिळाल्यास करायला तयार असलेल्यांचा. विद्यार्थी, केवळ घर सांभाळणाऱ्या व्यक्ती, निवृत्तिवेतनावर जगणारे आणि आजारपणामुळे काम न करू शकणारे श्रमशक्तीबाहेर धरले जातात. काही अहवाल १५ ते ५९ हाच वयोगट घेतात, काही १५ ते ६४, तर काही सगळी लोकसंख्या छेदस्थानी ठेवतात. त्यामुळे दोन आकड्यांची तुलना करण्याआधी छेद कोणता आहे हे पाहावेच लागते. बेकारीच्या दराशी या दराची गल्लत नेहमी होते. बेकारीचा दर फक्त श्रमशक्तीतल्या लोकांवर काढतात. ज्याने काम शोधणेच सोडले आणि जो कामाला तयारही राहिला नाही, तो त्या हिशेबातून नाहीसा होतो. बेकारी कमी दिसते म्हणून जिल्ह्यात कामधंदा भरपूर आहे, असा निष्कर्ष सहभाग दर पाहिल्याशिवाय काढता येत नाही.

सूत्राबद्दल कोणाचा वाद नाही. मतभेद आहेत ते काम कशाला म्हणायचे, किती काळाचा हिशेब धरायचा, माणूस कोणत्या घरचा मानायचा आणि उत्तर कोणाच्या तोंडून घ्यायचे, याबद्दल. रत्नागिरी जिल्ह्यात हे चारही प्रश्न एकदम समोर येतात, म्हणून मोजमापाची कसोटी पाहायला हा जिल्हा महाराष्ट्रात सर्वांत योग्य म्हणावा लागेल.

२०११ च्या जनगणनेत मंडणगड, दापोली, खेड, चिपळूण, गुहागर, संगमेश्वर, रत्नागिरी, लांजा आणि राजापूर या नऊ तालुक्यांची मिळून लोकसंख्या १६,१५,०६९ भरली. दहा वर्षांत ती सुमारे ४.८ टक्क्यांनी घटली होती. शेजारच्या सिंधुदुर्गातही घटच झाली. दर हजार पुरुषांमागे रत्नागिरीत १,१२२ स्त्रिया होत्या. राज्याचे प्रमाण तेव्हा ९२९ होते. सहा वर्षांखालच्या मुलांत मात्र इथेही मुलींची संख्या मुलग्यांपेक्षा कमीच आहे. म्हणजे स्त्रियांचे हे आधिक्य जन्माचे नव्हे. कमावत्या वयात पुरुष जिल्हा सोडून जातात, त्यातून ते आलेले आहे.

हे जाणे जुने आहे. १८८० च्या रत्नागिरी-सावंतवाडी गॅझेटिअरमध्येही मुंबईकडे जाणाऱ्या मजुरांची नोंद सापडते. गिरण्या, गोदी, पोलीस, सैन्य आणि घरकाम यांत रत्नागिरीची माणसे पिढ्यान्‌पिढ्या खपली. गावाकडे शेती ओढणारी बाई आणि दर महिन्याला मनिऑर्डर पाठवणारा चाकरमानी ही कोकणातल्या संसाराची रीतच होऊन बसली. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपानंतर हा आधार ढासळला. काही जण गावी परतले, पुढच्या पिढीने हॉटेले, कार्यालये, वाहतूक आणि खासगी सुरक्षा यांत नोकऱ्या धरल्या. किनारपट्टीच्या आणि खेड-चिपळूणच्या अनेक मुसलमान कुटुंबांनी आखाती देशांची वाट धरली. कामाचे स्वरूप बदलले, पण पुरुष दूर आणि घर गावात ही मांडणी बऱ्याच अंशी तशीच राहिली.

मोजणीत याचा पहिला परिणाम छेदावर होतो. सर्वेक्षणात कुटुंब म्हणजे साधारणपणे एका छपराखाली राहणारी आणि एका चुलीवर जेवणारी माणसे. थोड्या दिवसांसाठी बाहेर गेलेला त्यात धरला जातो, सहा महिने किंवा अधिक काळ बाहेर असणारा वगळला जातो. भांडुपच्या चाळीत राहून गणपतीला आणि शिमग्याला गावी येणारा मुलगा रेशनकार्डावर असो, घराच्या पाटीवर असो, तो मुंबईच्या हिशेबात जातो. रत्नागिरीच्या पुरुषांचा दर काढताना उरतात ते म्हातारे, शिकणारी मुले, परतलेले आणि ज्यांनी गाव सोडले नाही ते. सर्वांत जास्त काम करणारा वयोगटच पातळ झालेला असतो. अशा जिल्ह्यात १५ वर्षांवरील पुरुषांचा एकत्रित दर कमी आला, तर त्याचा अर्थ पुरुष आळशी झाले असा होत नाही. वयोगटांची उतरंड बदलल्याचाही तो परिणाम असू शकतो. म्हणून दोन जिल्ह्यांची तुलना वयोगटनिहाय दरांनी करणे हाच योग्य मार्ग. २५ ते ५९ वयाच्या पुरुषांचा दर वेगळा काढला, की चित्र बरेच सरळ होते.

मुंबईला गेलेल्या पुरुषामुळे मागे राहिलेल्या बाईच्या नोंदीवर दोन उलट दिशांचे ताण येतात. घरी नियमित पैसा येत असेल, तर तिने मजुरीला जाण्याची गरज कमी होते आणि दर खाली येतो. शेतीवर पुरुष नसल्याने नांगरणी सोडून बाकी सगळे तिच्यावर पडते, आणि दर वर जायला हवा. यातला कोणता ताण जिंकतो हे घराघरावर अवलंबून असते. हेमलता दांडेकर यांनी सातारा जिल्ह्यातल्या सुगाव या गावाचा १९४२ ते १९८२ या चार दशकांतला बदल अभ्यासून १९८६ मध्ये पुस्तक लिहिले. पुरुष मुंबईला आणि बायका घरी, हेच त्याचे शीर्षकसूत्र आहे. देशावरच्या गावाचे ते चित्र रत्नागिरीला, जमिनीचे आणि पावसाचे फरक वगळता, मोठ्या प्रमाणात लागू पडते.

आता जनगणनेकडे. जनगणना गेल्या वर्षभराचा विचार करते. वर्षात सहा महिने किंवा अधिक काम केलेला तो मुख्य काम करणारा, त्याहून कमी केलेला सीमांतिक. २०११ मध्ये सीमांतिकांचेही तीन ते सहा महिने आणि तीन महिन्यांहून कमी असे दोन भाग करण्यात आले. देशातल्या पुरुषांपैकी ५३.३ टक्के आणि स्त्रियांपैकी २५.५ टक्के काम करणारे ठरले. महाराष्ट्रात हे प्रमाण पुरुषांत ५६ आणि स्त्रियांत ३१ टक्क्यांच्या आसपास होते. हे आकडे सर्व वयांच्या लोकसंख्येवर काढलेले असतात आणि त्यांत काम शोधणारे नसतात. नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षणाच्या, म्हणजे पीएलएफएसच्या दराशेजारी ते ठेवण्याची चूक वर्तमानपत्रांतून वारंवार होते.

जनगणनेच्या इतिहासात प्रश्नाच्या शब्दांनी लाखो बायका यादीत आल्या आणि गेल्या. १९६१ मध्ये हंगामाच्या बहुतेक काळात रोज तासभर नियमित काम केले तरी माणूस कामकरी ठरत होता. १९७१ मध्ये मुख्य व्यवसाय कोणता, हा प्रश्न आधी आला. ज्या बाईने घरकाम हे मुख्य सांगितले, ती शेतात राबत असली तरी मागच्या बाकावर गेली. देशातल्या काम करणाऱ्या स्त्रियांचे नोंदलेले प्रमाण १९६१ च्या सुमारे २८ टक्क्यांवरून जवळपास निम्म्यावर आले. दहा वर्षांत निम्म्या बायकांनी काम सोडले, असे कोणीही मानले नाही. १९९१ मध्ये प्रश्नातच शेतावरचे आणि घरच्या उद्योगातले बिनपगारी काम धरावे, असे शब्द घातले गेले. २००१ मध्ये केवळ घरच्या वापरासाठी दूध काढणेही काम मानले गेले. दुभते जनावर असलेल्या घराघरातल्या बाईला या एका ओळीने नोंदीत जागा मिळू शकली. ती मिळाली की नाही, हे मात्र गणनेला आलेल्या शिक्षकाने तो प्रश्न खरोखर विचारला का, यावर ठरले.

रोजगाराच्या तपशीलवार मोजणीची भारतीय पद्धत दुसऱ्या वाटेने आली. मुंबई विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ प्रा. एम. एल. दांतवाला यांच्या अध्यक्षतेखाली बेकारीच्या अंदाजांविषयी तज्ज्ञ समिती नेमली गेली. तिचा अहवाल १९७० मध्ये आला. पगारी नोकरीभोवती बांधलेल्या पाश्चात्त्य देशांतल्या व्याख्या इथे चालणार नाहीत, हे तिने ठामपणे सांगितले. स्वतःच्या जमिनीवर, घरच्या माणसांनी, हंगामाप्रमाणे केलेल्या कामाला नोकरी आणि बेकारी अशा दोनच खणांत बसवता येत नाही. १९७२-७३ पासूनच्या राष्ट्रीय नमुना पाहणीच्या फेऱ्यांत या विचारातून तीन वेगवेगळ्या मोजपट्ट्या वापरात आल्या. आज पन्नास वर्षांनंतरही देशाचे आकडे मुख्यतः त्यांच्यावरच उभे आहेत, आणि समितीची ही दूरदृष्टी आदराने नोंदवायला हवी.

पहिली मोजपट्टी वर्षभराच्या नेहमीच्या स्थितीची. गेल्या ३६५ दिवसांत माणसाचा जास्त वेळ कशात गेला, त्यावरून त्याची मुख्य स्थिती ठरते. त्याखेरीज ३० दिवस किंवा अधिक काळ एखादे आर्थिक काम केले असेल, तर ती दुय्यम स्थिती. हे ३० दिवस सलग असण्याची अट नाही. दोन्ही मिळून काढलेला दर सर्वांत जास्त उद्धृत होतो. दुसरी मोजपट्टी आठवड्याची: भेटीच्या आधीच्या सात दिवसांत कोणत्याही एका दिवशी निदान एक तास काम केले, तर माणूस कामावर आहे असे धरतात. तिसरी रोजची, अर्ध्या अर्ध्या दिवसाचा हिशेब करणारी. एप्रिल २०१७ पासून या पाहण्यांची जागा पीएलएफएसने घेतली आणि दर पाच वर्षांनी मिळणारा आकडा दरवर्षी मिळू लागला.

या मोजपट्ट्या एकाच घराला लावून पाहिल्या म्हणजे त्यांच्यातला फरक कळतो. संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीवरचे एक कल्पित घर घ्यावे. घरात एकाहत्तर वर्षांचे निवृत्त आजोबा, सहासष्ट वर्षांची आजी, अडतीस वर्षांची सून, तिचा एकोणतीस वर्षांचा दीर आणि एकोणीस वर्षांची नात. सुनेचा नवरा मुंबईत, म्हणून तो या हिशेबात नाही. दीर स्वतःची रिक्षा चालवतो. नात देवरुखच्या महाविद्यालयात शिकते. सुनेने जून-जुलैत तरवा काढण्यापासून लावणीपर्यंत अठरा दिवस, पुढे बेणणीचे पाच, ऑक्टोबरात कापणी-झोडणीचे बारा आणि एप्रिल-मेमध्ये एका बागायतदाराकडे आंब्याच्या पेट्या भरण्याचे पंचवीस दिवस केले. आजीने उन्हाळ्यात चाळीस दिवस रातांबे फोडून आमसुले वाळवली आणि व्यापाऱ्याला विकली. उरलेला सगळा काळ दोघींचा घर, गोठा, फाटी (सरपण) आणि पाणी यांत गेला.

केवळ मुख्य स्थिती धरली तर या घरातल्या पाच प्रौढांपैकी एकटा दीर श्रमशक्तीत आहे. घराचा दर २० टक्के, स्त्रियांचा शून्य. दुय्यम स्थिती मिळवली की सून साठ दिवसांच्या बळावर आणि आजी चाळीस दिवसांच्या बळावर आत येतात. घराचा दर ६० टक्के होतो, तीन स्त्रियांपैकी दोघी आत, म्हणजे जवळपास ६७ टक्के. आठवड्याची मोजपट्टी लावली तर जुलैच्या पहिल्या आठवड्यात सून आत आहे, जानेवारीत गोठ्यातले दूध धरले नाही तर बाहेर. जनगणनेत दोघी सीमांतिक. कोणाच्याही घामात थेंबाचा फरक न पडता दर शून्यापासून ६७ पर्यंत फिरला. एखाद्या घराचे हे टोक आहे हे खरे, पण जिल्हाभरच्या आकड्यात जो फरक पडतो तो अशाच घरांच्या बेरजेतून पडतो.

यात आजीच्या नोंदीला एक अट आहे. आमसुले विकली म्हणून ते आर्थिक काम झाले. घरच्या कढीसाठी ठेवली असती तर झाले नसते, कारण पीएलएफएसमध्ये शेतमालावर घरच्या वापरासाठी केलेली प्रक्रिया आर्थिक काम मानत नाहीत. उलट, घरी खाण्यासाठी भात पिकवणे हे काम मानले जाते. म्हणजे भात लावणारी बाई कामकरी, आणि तेच भात उकडून, वाळवून घरात साठवणारी बाई त्या वेळेपुरती बेकामी. ९२ आणि ९३ हे पीएलएफएसचे दोन सांकेतिक क्रमांक इथे महत्त्वाचे आहेत. ९२ मध्ये फक्त घरकाम करणाऱ्या व्यक्ती येतात. घरकामाबरोबरच फाटी, भाजीपाला, कंदमुळे आणि गुरांचा चारा फुकट गोळा करणे, घरच्यासाठी शिवण-टिपण करणे, हे ९३ मध्ये. दोन्ही क्रमांक श्रमशक्तीबाहेरचे. कवळ तोडणे, पातेरा भरून आणणे, डोंगरावरून गवताचे भारे उतरवणे या कामांशिवाय कोकणातली भातशेती आणि गोठा चालूच शकत नाही. राब भाजायला लागणारा पालापाचोळा बाईने डोक्यावरून आणला, की तो शेतीचा भाग मानायचा की फुकट गोळा केलेला माल? नियमाने पाहिल्यास तो शेतीच्या कामात मोडायला हवा. ओटीवर बसलेल्या पाहणी कर्मचाऱ्यापर्यंत तो बहुधा घरकाम म्हणूनच पोचतो.

याच यादीतला ९४ हा क्रमांक भाड्यावर, निवृत्तिवेतनावर आणि बाहेरून येणाऱ्या पैशांवर जगणाऱ्यांचा. मनिऑर्डरीवर चाललेल्या जिल्ह्यात या खणाचे महत्त्व वेगळे सांगायला नको. निवृत्त गिरणी कामगार गावी येऊन दहा कलमे लावतो, त्यांची राखण करतो, फळ विकतो. तो स्वतःला निवृत्तच सांगतो. वाढत्या वयाच्या या जिल्ह्यात अशा पुरुषांची मेहनत बायकांइतकीच सहज निसटते.

प्रश्न विचारण्याची रीत व्याख्येपेक्षा कमी महत्त्वाची नाही. पाहणी करणारा ओटीवर येतो, घरातल्या कर्त्या माणसाशी बोलतो. बाई काय करते, असे विचारले की ‘काय नाय, घरीच असते’ हे उत्तर तयार असते. बाईही स्वतःबद्दल तेच सांगते, कारण शेत घरचे आहे आणि घरच्या कामाला काम म्हणायची सवय नाही. टांझानियात झालेल्या एका प्रयोगात काही घरांना थोडक्यात प्रश्न विचारले आणि काहींना एकेका कामाची विचारणा केली. थोडक्यात विचारलेल्या घरांत स्त्रियांचा रोजगार कमी नोंदला गेला. दुसऱ्याने उत्तर दिल्याचा मोठा परिणाम मात्र तिथे पुरुषांच्या सहभागावर दिसला. रत्नागिरीत जो पुरुष दिवसभर होडीवर किंवा बागेत असतो आणि ज्याची माहिती घरातली सासू देते, त्याला हे लागू पडण्यासारखे आहे. लावणीला गेलात का, कोणाच्या काजूबिया वेचल्यात का, सुकट विकलीत का, बचत गटाचा मसाला कुटलात का, असे एकेक नाव घेऊन विचारले तर उत्तरे बदलतात. प्रश्नावली लांबते, खर्च वाढतो, पण दर खरा होतो.

पुरुषांच्या कामाचा हंगाम समुद्र ठरवतो. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी मासेमारी बंद असते. मिरकरवाडा, हर्णै, जयगड या बंदरांतल्या खलाशांना या काळात भेटले, तर आठवड्याच्या मोजपट्टीवर त्यांचे काय करायचे, हा प्रश्न येतो. मालकाशी बोली झालेली असेल आणि नारळी पौर्णिमेनंतर होडीवर परतणे नक्की असेल, तर काम आहे पण आठवडाभर केले नाही, अशी नोंद होऊ शकते. बोली नसेल तर तो बेकार किंवा, काम शोधत नसल्यास आणि कामाला तयारही नसल्यास, श्रमशक्तीबाहेर. यात आणखी एक गुंता आहे. होड्यांवरचे बरेच खलाशी आणि आंब्याच्या बागांतले राखणदार नेपाळमधून किंवा दूरच्या राज्यांतून आलेले असतात. हंगाम संपला की निघून जाणारे यांतले अनेक लोक नेहमीचे रहिवासी ठरत नाहीत. जिल्ह्यातल्या दोन मोठ्या व्यवसायांतल्या कामाचा मोठा भाग त्यामुळे जिल्ह्याच्या आकड्यात उतरत नाही. मुंबईला गेलेला रत्नागिरीकर मुंबईच्या आकड्यात आणि रत्नागिरीत राबणारा नेपाळी कुठेच नाही, अशी स्थिती आहे.

बंदरावरच्या बायकांची मोजणी त्यामानाने सोपी. लिलावात टोपली घेऊन गावोगाव मासे विकणारी बाई स्वतःचा धंदा करते, आणि तिची नोंद चुकण्याचे कारण नाही. नवऱ्याच्या होडीवरची मासळी निवडणारी, सुकवणारी, खारवणारी बाई मात्र घरच्या उद्योगातली बिनपगारी मदतनीस ठरते. सांकेतिक क्रमांक २१. तो क्रमांक पडला तर ती श्रमशक्तीत येते, विसरला गेला तर ९२ मध्ये जाते. आशा आणि अंगणवाडी सेविका यांना सरकार पगाराऐवजी मानधन देते. तरी मोबदला मिळतो म्हणून पाहणीच्या दृष्टीने त्या काम करणाऱ्याच आहेत. त्यांच्या बाबतीत सर्वेक्षणाचा निर्णय सेवानियमांपेक्षा न्याय्य आहे.

तरुणांच्या दराबद्दल थोडक्यात. दहावीच्या निकालात कोकण विभाग राज्यात सातत्याने आघाडीवर असतो आणि पुढे शिकणाऱ्यांचे प्रमाणही चांगले आहे. १५ ते २४ वयात दर कमी येणे हे या यशाचे लक्षण आहे. पोलीस भरती किंवा तलाठी परीक्षेची तयारी करणारी पंचविशीतली मुले-मुली मात्र विद्यार्थी म्हणून नोंदली जातात की काम शोधणारी म्हणून, यावर बेकारीचा आकडा हलतो.

देशपातळीवरच्या बदलांशी हे सगळे जोडून पाहणे भाग आहे. नेहमीच्या स्थितीनुसार १५ वर्षांवरील ग्रामीण स्त्रियांचा सहभाग दर २००४-०५ मध्ये ४९.४ टक्के होता. २०११-१२ मध्ये तो ३५.८ वर आणि २०१७-१८ मध्ये २४.६ वर घसरला. पुढे तो उलटा फिरला आणि २०२३-२४ मध्ये ४७.६ वर पोचला. पुरुषांचा एकूण दर २०१७-१८ ते २०२३-२४ या काळात ७५.८ वरून ७८.८ इतकाच हलला. घसरणीची कारणे अनेकांनी सांगितली: मुलींचे शिक्षण, शेतीचे यांत्रिकीकरण, घरात बरे दिवस येणे, जवळपास योग्य काम नसणे. वाढीचा मोठा भाग स्वयंरोजगारातून आणि घरच्या उद्योगातल्या बिनपगारी मदतीतून आला आहे. म्हणजे ज्या खणांत नोंद सर्वांत निसरडी असते, तिथेच वाढ सर्वांत जास्त. काही प्रमाणात बायका खरोखर अधिक काम करू लागल्या असतील, काही प्रमाणात पाहणी कर्मचारी अधिक नीट विचारू लागले असतील. दोन्हींचे प्रमाण वेगळे काढल्याशिवाय या वाढीला रोजगारनिर्मिती म्हणणे घाईचे आहे. मुंबईतल्या सीएमआयई या खासगी संस्थेची पाहणी स्त्रियांचा दर १० टक्क्यांच्या आसपास दाखवते. तिची व्याख्या कडक आहे आणि संदर्भकाळ अगदी लहान. एका देशात एकाच वेळी ४० आणि १० असे दोन दर दिसतात. त्यांच्यातल्या दरीत रत्नागिरीच्या सुनेसारख्या कोट्यवधी बायका उभ्या आहेत.

या बायकांचा दिवस कसा जातो हे वेळवापर पाहणीतून दिसते. १९९८-९९ मध्ये सहा राज्यांत झालेल्या पहिल्या प्रायोगिक पाहणीत महाराष्ट्र नव्हता. देशभरची पहिली पाहणी २०१९ मध्ये झाली, दुसरी २०२४ मध्ये. पहाटे चार ते दुसऱ्या दिवशी पहाटे चार असा चोवीस तासांचा हिशेब तीत अर्ध्या अर्ध्या तासाने विचारला जातो. २०२४ मध्ये बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे वेळ गेला, असे काम करणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटे. १५ ते ५९ वयातल्या पुरुषांपैकी ७५ टक्के आणि स्त्रियांपैकी २५ टक्के त्या दिवशी रोजगाराशी संबंधित कामात होते. वर्षाचा दर चाळिशीच्या वर असताना एका दिवसाचा २५ टक्के येतो, यावरूनच बायकांचे काम वर्षभर तुकड्यातुकड्यांनी विखुरलेले असते हे उघड होते. तीस दिवसांची दुय्यम स्थिती म्हणूनच कोकणासाठी जपायला हवी.

तीस दिवसांच्या या मोजपट्टीपुढे धोकाही आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या छत्राखाली २०१३ मध्ये भरलेल्या श्रमसांख्यिकी परिषदेने कामाची व्याख्या विस्तारली आणि त्याच वेळी रोजगाराची व्याख्या आखडली. मोबदल्यासाठी किंवा नफ्यासाठी केलेले काम तेवढा रोजगार. मुख्यतः घरच्या वापरासाठी केलेले उत्पादन हा कामाचा स्वतंत्र प्रकार, आणि तो रोजगारात मोजायचा नाही. भारताचे आकडे अजून जुन्या, विस्तृत व्याख्येवर चालतात. नवी व्याख्या जशीच्या तशी लावली, तर विकण्याएवढे भात न पिकवणाऱ्या रत्नागिरीच्या बहुसंख्य शेतकरी बायका श्रमशक्तीतून बाहेर पडतील. कल्पित घरातल्या सुनेचे लावणी-कापणीचे दिवस गळतील आणि आंब्याच्या पेट्यांचे पंचवीस उरतील. घरच्या वापराच्या कामाचा तक्ता शेजारी छापला तरच हा बदल प्रामाणिक ठरेल. तो तक्ता छापायचा नसेल, तर जुनी व्याख्या सोडू नये.

आतापर्यंत रत्नागिरीचा स्वतंत्र, विश्वासार्ह वार्षिक दर काढणे कठीण होते. पीएलएफएसचा नमुना राज्याच्या अंदाजापुरता बेतलेला असे. एका जिल्ह्याच्या वाट्याला येणारी घरे इतकी थोडी की स्त्री-पुरुष, वयोगट आणि ग्रामीण-शहरी असे भाग पाडताच हाती काही उरत नसे. जनगणनेचा तपशील जिल्ह्यापर्यंतच काय, गावापर्यंत मिळतो, पण तो २०११ चा आहे. जानेवारी २०२५ पासून पीएलएफएसची रचना बदलली. बहुतेक ठिकाणी जिल्हा हा नमुन्याचा पायाभूत घटक झाला, नमुना मोठा झाला, ग्रामीण भागातही एकाच घराला लागोपाठ चार महिने भेट देण्याची पद्धत आली आणि १५ मे २०२५ रोजी पहिले मासिक निवेदन निघाले. जिल्ह्यांसाठी ही मोठी संधी आहे. चार महिन्यांच्या भेटी एप्रिल ते जुलै अशा पडल्या तर त्या घरात आंबाही दिसेल आणि लावणीही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पडल्या तर यांपैकी काहीच नाही. म्हणून एका जिल्ह्याचा महिन्याचा दर कोणी मांडला तर त्यावर विश्वास ठेवू नये. वर्षभराची सरासरी, तीही नमुन्यातल्या चुकीच्या मर्यादेसह, तेवढी ग्राह्य.

अर्थ व सांख्यिकी संचालनालय दरवर्षी प्रत्येक जिल्ह्याचे सामाजिक व आर्थिक समालोचन प्रसिद्ध करते. राज्याचा नमुना केंद्राच्या नमुन्याला जोडून रत्नागिरीचा वार्षिक दर त्यात छापला जावा. स्त्री आणि पुरुषांसाठी वेगळा, मुख्य स्थितीचा आणि दुय्यम धरून असा दुहेरी, २५ ते ५९ वयाचा स्वतंत्र, आणि ९३ क्रमांकातल्या स्त्रियांची टक्केवारी शेजारी. यासाठी नवीन पाहणीची गरज नाही. हे सगळे प्रश्न आजच्या प्रश्नावलीत आहेत, फक्त जिल्ह्याचा तक्ता काढायचा आहे. पुढच्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ ठरला आहे. गणनेला जाणाऱ्या शिक्षकांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणात लावणी, बेणणी, काजूबिया, आमसुले, सुकी मासळी आणि गोठा यांची नावे घेऊन प्रत्येक प्रौढ स्त्रीला स्वतंत्रपणे विचारण्याचा सराव जिल्हा प्रशासनाने त्याआधी करून घ्यावा.